काळीजपट्टी

पोटुशी बाईला दम लागतोच. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत हे वाक्य मी किती जणींना ऐकवलं असेल, आता सांगता येणार नाही. पाय सुजतात, दम लागतो, दिवस भरत आले की असंच असतं, असं म्हणायचं आणि लोहाच्या गोळ्या हातावर ठेवायच्या. एक्याण्णव सालच्या मार्गशीर्षात मी ते वाक्य बंद केलं.

त्या वेळी मी कोयनेच्या जलाशयाकाठच्या एका उपकेंद्रात नर्स होते. पलीकडच्या डोंगरातल्या वाड्यांना रस्ता नव्हता. जाणं-येणं डिझेलच्या लाकडी लाँचनं. यशोदा शेलार नावाची बावीस वर्षांची बाई, दुसऱ्या खेपेची, आठवा महिना. दम लागतो म्हणाली. मी माझं वाक्य म्हटलं. आठ दिवसांनी तिला लाँचमध्ये घातली तेव्हा ती आडवी होऊच शकत नव्हती. ओठ जांभळे, खोकल्यातून गुलाबी फेस. माझा हात धरून म्हणाली, "नर्सबाई, जरा खिडकी उघडा वं." लाँचला खिडकी नव्हती. चारी बाजूंनी मोकळं पाणी आणि वारा होता. पलीकडचा काठ लागायच्या आत ती गेली.

पुढे तालुक्याच्या डॉक्टरांनी मला कागदावर चित्र काढून समजावलं. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सांधे दुखतात. आपण हळद-दूध देतो. पण कधी कधी त्या तापानंतर शरीर स्वतःच्याच काळजावर उलटतं आणि आतली एक झडप हळूहळू जाड आणि अरुंद होत जाते. मुलगी हिंडते-फिरते, डोक्यावर हंडे वाहते, कुणाला काही कळत नाही. मग ती गरोदर राहते. गरोदरपणात बाईच्या अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. काळीज जोरानं पळायला लागतं. दार तेवढंच अरुंद आणि गर्दी दीडपट. मागे तुंबलेलं पाणी फुप्फुसात उतरतं आणि बाई कोरड्या जमिनीवर बुडते.

हे मला यशोदाच्या आधी कुणी सांगितलं नव्हतं. पण तिच्या काळजाला कान लावायला मला कुणी मनाईही केली नव्हती.

आता माझं वय चौऱ्याहत्तर. जे सांगणार आहे ते गेल्या वर्षीचं.

निवृत्तीनंतर दहा वर्षं मी कंत्राटावर राहिले आणि त्यानंतर पट्टीच्या कामाला लागले. सरकारी कागदावर तिचं नाव लांबलचक आहे, पण बायका तिला काळीजपट्टी म्हणतात. दोन बोटं रुंदीची, अंगाच्या रंगाची. डाव्या छातीवर चिकटवली की महिनाभर टिकते. तिच्यात तिळाएवढे चार कान आहेत. ते फक्त आईच्या काळजाचा आवाज ऐकतात, रात्रंदिवस. तो आवाज साताऱ्याच्या केंद्रात जातो. तिथलं यंत्र त्यावरून त्या बाईच्या काळजाची हुबेहूब प्रतिमा आपल्या पोटात तयार करतं. तिला डॉक्टर 'जुळं' म्हणतात.

खरी करामत पुढे आहे. बाई तिसऱ्या महिन्यात असते, पण यंत्र त्या जुळ्याला पुढे पळवतं. पाचवा महिना, सातवा, नववा, कळा, बाळंतपण. रक्त वाढवून बघतं, ठोके वाढवून बघतं. जुळं कुठे बुडतं ते त्याला आधी कळतं आणि पट्टीवरचा कणभर दिवा त्याप्रमाणे हिरवा, पिवळा किंवा लाल होतो. लाल झाली की बाईला सहाव्या महिन्यातच साताऱ्याला माहेरघरात नेऊन ठेवायचं, बाळंतपण होईपर्यंत. पट्टी आल्यापासून सहा वर्षांत आमच्या खोऱ्यात काळजानं एकही बाई गेली नव्हती. मी यशोदाला मनातल्या मनात हे सांगत असे.

पण पट्टीबरोबर दुसरंही काही आलं. पट्टी बिनलग्नाच्या पोरींनाही लावता येत होती, म्हणून लग्न जमवताना लोक पत्रिकेबरोबर तिचा कागद मागायला लागले. "मुलगी हिरवी आहे ना?" असं उघड विचारायला लागले. दोन-तीन ठरलेली लग्नं मोडली. मग आया पोरींना पट्टी लावूच देईनात.

ईश्वरी माझ्याच गावातली. नऊ वर्षांची असताना तिला तो ताप आला. मी ओळखला आणि तेव्हापासून दर एकवीस दिवसांनी तिला पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. दहा वर्षं. ते इंजेक्शन फार दुखतं. पोरगी पलंगाची कड धरायची आणि माझ्याकडे बघून हसायची. एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न पलीकडच्या डोंगरावरच्या धनगरवाड्यात, ढेब्यांच्या घरात ठरलं. हळदीच्या दिवशी तिची आई रंजना माझ्याजवळ आली. तिचे हात पिवळे होते.

"नर्सबाई, तेवढं इंजेक्शनाचं पोटात ठेवा. पोरीचं मोडंल."

मी ठेवलं. लग्नानंतर इंजेक्शनही बंद झालं, कारण ते घ्यायला यायचं तर सासरी कारण सांगावं लागलं असतं.

वर्षभरानं ईश्वरीला दिवस गेले. पट्टी लावायला मीच गेले. लाँच आता बॅटरीवर चालते, आवाज नसतो, पण उतरल्यावर अर्ध्या तासाची चढण तीच आहे. ढेब्यांच्या घरात सासू हौसाबाई, थोरली सून चंदा आणि ईश्वरी. सासरा नाही. दोन्ही मुलगे नवी मुंबईत बाजारात मालाची चढ-उतार करतात, सणाला येतात. गोठ्यात नऊ म्हशी.

"आलात का नर्सबाई," हौसाबाई म्हणाली. "आमच्या टायमाला आमाला कुणी पट्टी लावली न्हाय, तरी चार झाली."

"चारातली दोन राहिली, हौसाबाई."

"तुमी बाय, मोजायलाच बसल्याला."

आमच्याकडे नवी सून परक्यासमोर छातीवरचा पदर ढळू देत नाही, नर्स असली तरी. पट्ट्या आल्या तेव्हा शिकवायला आलेल्या लोकांना मीच ठणकावून सांगितलं होतं की आमच्या बायका अंग उघडं करणार नाहीत, पट्टी आत द्या, घरातली बाई लावील. त्यांनी ते मान्य केलं आणि खोऱ्यात तीच रीत पडली. मी पट्टी चंदाच्या हातात दिली. चंदा तिशीची, अंगानं भक्कम, मूलबाळ नाही. दोघी आतल्या खोलीत गेल्या. थोड्या वेळानं चंदा बाहेर येऊन म्हणाली, "लावली."

जुळं तयार झालं. हिरवं.

मी उतरताना त्या चढणीवर एका दगडावर बसून रडले, हे कबूल करते. मला वाटलं, माझ्या इंजेक्शनांनी झडप वाचवली. दहा वर्षांची मेहनत फळाला आली. तसं घडू शकतं, पुस्तकात लिहिलेलं आहे. शब्द दिला होता म्हणून तिच्या तापाबद्दल मी डॉक्टरांना काही सांगितलं नाही, आणि आता सांगायची गरजही उरली नाही असं मी ठरवलं. पुढच्या महिन्यांच्या पट्ट्या घार नेऊन टाकायची. घार म्हणजे औषधं नेणारं छोटं विमान, बायकांनीच दिलेलं नाव. मी घरी बसून पाटीवर, म्हणजे केंद्रानं दिलेल्या हातातल्या पडद्यावर, नोंद बघायची. हिरवं. हिरवं. हिरवं.

सातव्या महिन्यात साताऱ्याहून डॉक्टर कौस्तुभांचा फोन आला. तरुण आहे, कष्टाळू आहे, घाईत बोलतो.

"साबळेबाई, तुमची ती ढेबे. अहवालात तिचा आलेख छापतोय आम्ही. जुळ्यापेक्षाही चांगली निघाली ती."

"म्हणजे काय?"

"जुळ्याच्या हिशेबानं आता तिचे ठोके बसल्या जागी चौऱ्याऐंशीच्या आसपास असायला हवेत. तिचे अडुसष्ट आहेत. पहिल्या दिवशी होते तेवढेच. डोंगरातली माणसं, काटक. यंत्रानं शेरा दिलाय, 'अपेक्षेपेक्षा उत्तम'."

मी पाटी उघडून आलेख बघितला. सरळ रेघ. तिसऱ्या महिन्यापासून सातव्यापर्यंत, सारवलेल्या अंगणासारखी सपाट.

मी सत्तेचाळीस वर्षं बायकांची मनगटं धरली आहेत. काटक बाई असो की नाजूक, दिवस गेले की नाडी पळायला लागते. रक्त वाढलं की काळजाला पळावंच लागतं. सातव्या महिन्यात अडुसष्ट ठोके असलेली बाई मी पाहिली नव्हती. यंत्राला वाईट काळजाची भीती शिकवली होती. चांगल्या काळजाचा संशय घ्यायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ही बाई गरोदर नाही."

"अहो, सोनोग्राफी झालीय तिची."

"ईश्वरी गरोदर आहे. ही नाही."

मी सकाळची लाँच धरली. पिशवीत नवी पट्टी, पाटी आणि जुना स्टेथोस्कोप घेतला.

वाड्यावर त्या दिवशी सातव्या महिन्याची ओटी होती. अंगणात दहा-बारा बायका जमलेल्या, चुलीवर पुरण शिजत होतं. हौसाबाईनं नवं लुगडं नेसलं होतं. मला बघून ती खूश झाली.

"बोलावल्याबिगर आलात. पुरनाचा वास पार पानी वलांडून गेला म्हनायचा."

"पोरीला बघते आणि बसते," मी म्हटलं.

ईश्वरी आतल्या खोलीत होती. हिरवी साडी, हिरवा चुडा. भिंतीला दुधाचा मोठा कॅन, त्यावर वाकळ दुमडून ठेवलेली आणि तिला टेकून बसलेली. माझ्याकडे बघून लहानपणी हसायची तशीच हसली. मानेवरची शीर टचटच उडत होती. मी तिचं मनगट धरलं. एकशे अठरा.

"झोपतेस कशी?"

"अशीच. टेकून."

"कधीपासून?"

चंदा दारात उभी होती.

"पाचव्यापासनं," चंदा म्हणाली. "खोकला हाय धुराचा."

"पट्टी दाखव, ईश्वरी."

ईश्वरीनं चंदाकडे बघितलं. चंदानं मागे वळून दार लोटलं, अंगणाकडे पाठ केली आणि स्वतःच्या चोळीचं वरचं हूक काढलं. पट्टी तिच्या छातीवर होती. कणभर हिरवा दिवा शांतपणे उघडझाप करत होता.

मी ईश्वरीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. पहिला ठोका दणदणीत, दार आपटावं तसा. आणि त्यानंतर, दोन ठोक्यांच्या मध्ये, दूर कुठेतरी जातं फिरत असावं तशी हलकी घरघर. यशोदाची ही घरघर मी ऐकलीच नव्हती.

"मीच म्हणाले वयनीला," ईश्वरी म्हणाली. "माझ्या मामेबहिणीचं मोडलं ना, लाल निघाली म्हणून. मला माहीत होतं माझी लाल निघणार. मला परत पाठवतील."

"मला काय कळतंय त्यातलं," चंदा म्हणाली. "सरकारला हिरवं पायजे, म्हनलं घ्या हिरवं. पट्टीला काय, कुनाचंबी काळीज चालतंय. आन् हिला मी बघतच हुते की."

"चंदा, ही मरेल."

चंदानं हूक लावलं.

मी नवी पट्टी काढली आणि माझ्या हातानं ईश्वरीच्या छातीवर लावली. आमची रीत त्या दिवशी मी मोडली. ईश्वरीनं पदर धरला नाही. पाटीवर जुळं तयार व्हायला वीस मिनिटं लागतात. बाहेर बायका गाणं म्हणत होत्या.

"नर्सबाई," ईश्वरी म्हणाली, "आज ओटी भरू द्या. उद्या सांगा. आज सगळ्या बायका आहेत."

एक दिवस. मला तो द्यावासा वाटला, खोटं कशाला सांगू. हिरव्या चुड्यातली पोरगी एक दिवस मागत होती. पण एक दिवस, आठ दिवस, हे हिशेब मी आधी एकदा केले होते. तेवढ्यात दिवा लाल झाला. पाटीवर आकडे उमटले. जुळं पुढे पळवलं की तीन दिवसांच्या पलीकडे टिकत नव्हतं.

मी अंगणात गेले. गाणं थांबलं.

"हौसाबाई, ईश्वरीच्या काळजाची झडप अरुंद आहे. फुप्फुसात पाणी साठलंय. आजच्या लाँचनं न्यायची."

"आवं, पट्टी तर हिरवी व्हती?"

"पट्टी चंदाच्या अंगावर होती."

मी एवढंच बोलले. जे बोलले ते खरं होतं. दहा वर्षं इंजेक्शनं मी दिली, हे लग्नाआधीपासून मला ठाऊक होतं, आणि पट्टी पडद्याआड लावायची रीतही मीच पाडली, हे मी बोलले नाही. वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. हौसाबाईनं दारात उभ्या चंदाकडे बघितलं. ती नजर मला तेव्हाच दिसली होती.

खुर्चीला दोन वासे बांधून ईश्वरीला बसवून उतरवली. आडवं करायचं नव्हतं. बायकांनीच खांदे दिले. पहिला खांदा चंदाचा होता. धक्क्यावर पोचायच्या आत घार येऊन गेली. तिनं आणलेलं पाणी उतरवायचं इंजेक्शन मी लाँचमध्ये बसल्या बसल्या दिलं. निम्मं पाणी ओलांडलं तेव्हा ईश्वरीनं माझा हात घट्ट धरला. मी वाट बघत होते ती खिडकीचं काही बोलते का याची. ती म्हणाली, "तेव्हाचं इंजेक्शन जास्त दुखायचं." मग मला श्वास घेता आला.

साताऱ्यात दुसऱ्या दिवशी तिच्या पोटावर शिशाचं कवच ठेवून जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी काळजापर्यंत नेली. तिच्या टोकाला मिटलेला फुगा. झडपेत नेऊन तो क्षणभर फुगवला आणि काढून घेतला. चिकटलेलं दार उघडलं. त्या रात्री ईश्वरी कित्येक महिन्यांनी आडवी झोपली. नऊ आठवड्यांनी तिला मुलगी झाली. दोन किलो शंभर ग्रॅम.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती लिहिली नसती.

चंदा दवाखान्यात एकदाही आली नाही. मला वाटलं, म्हशी आहेत. बारशाच्या सुमाराला साताऱ्याच्या माहेरघरात ईश्वरीला विचारलं तेव्हा तिनं मान खाली घातली.

"वयनीला माहेरी पाठवलं. त्याच आठवड्यात. आत्याबाई म्हणाल्या, हिला पोर नाही, जळून केलं हिनं, माझ्या सुनेला मारायला बसली होती. भावजींनीही काही म्हटलं नाही."

"आणि तू? तूच सांगितलं होतंस ना तिला?"

"वयनीचा फोन आला होता." ईश्वरी बाळाचं टोपडं सारखं करत राहिली. "म्हणाली, तू गप बस. एक गेली तेवढी पुरे. तू लेकरू सांभाळ."

तिच्यावर मी रागावू शकले नाही. मी स्वतः कुठे बोलले होते?

त्याच दुपारी मी डॉक्टर कौस्तुभांच्या खोलीत गेले. ते यंत्राला नवा धडा शिकवत होते, की ठोके वाढले नाहीत तर तेही विचारायचं. यापुढे पट्टी नर्सनंच लावायची असा नियमही निघणार होता. माझ्या रीतीचा शेवट. मी विरोध केला नाही. "आणि ती चुकीची नोंद पुसून टाकतोय," ते म्हणाले. "एकशे सव्वीस दिवस दुसऱ्याच बाईचं हृदय. उपयोग नाही तिचा."

"थांबा," मी म्हटलं. "मला तिच्या रात्री दाखवा."

"रात्री?"

"भक्कम बाई आहे. दिवसभर नऊ म्हशींचं करते. अशी बाई पडल्या पडल्या झोपते. दाखवा."

त्यांनी रात्रींचे आलेख एकाखाली एक लावले. पहिले दोन महिने सपाट. अंग टाकल्यापासून पहाटेपर्यंत अठ्ठावन्न, साठ. मग पाचव्या महिन्यात एका रात्री मध्येच एक उंचवटा. ठोके शंभरावर गेले, दहा मिनिटं तिथेच राहिले, मग हळूहळू उतरले. चार रात्रींनी पुन्हा. मग एक दिवसाआड. सहाव्या महिन्यात रोज. सातव्यात एका रात्रीत तीन तीन वेळा. प्रत्येक उंचवट्यासमोर यंत्राचा एकच शेरा होता, 'झोपेत हालचाल, दुर्लक्ष करावे'.

डॉक्टरांनी एका उंचवट्यावर बोट ठेवलं.

"ती उठत होती," ते म्हणाले.

"ही खोकायला लागली की ती उठायची. हिला बसतं करायची. कॅनवर वाकळ दुमडून हिची पाठ टेकवायची. हिचा दम बसला की परत आडवी व्हायची. मोजा किती वेळा."

त्यांनी मोजलं. एकशे एकवीस वेळा.

मी ते कागद घेतले आणि आवाजही पाटीत भरून घेतला. तिसऱ्या दिवशी पलीकडे गेले.

हौसाबाई गोठ्यात होती. एकटीच. म्हशीखाली बसली होती आणि धार काढताना तिला मध्येमध्ये थांबावं लागत होतं. मला बघून म्हणाली, "बसा. नातीची खबर आणली का?"

"नात चांगली आहे. मी माझ्या चुकीची खबर आणलीय."

आणि मी सगळं सांगितलं. ताप, इंजेक्शनं, रंजनाचे पिवळे हात, माझा शब्द. रीत माझी होती हे सांगितलं. ईश्वरीनंच विनवलं होतं हेही सांगितलं. तिचं मन राखायचं म्हणून ते झाकून ठेवलं असतं तर चंदा तिकडेच राहिली असती. हौसाबाईनं बादली बाजूला ठेवली.

"म्हंजे समद्यास्नी ठावं व्हतं. मला सोडून."

"हो."

"आन् तुमी त्या दिवशी आंगनात निस्तं चंदाचं नाव घेतलंत."

"हो."

ती मला बोलेल, हाकलून देईल, असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर सोपं होतं. तिनं दुधाचे हात पदराला पुसले.

"तरीबी," ती म्हणाली, "तिनं पट्टी स्वतःच्या आंगावर लावलीच की. पोर मेली असती."

"लावली. ती तिची चूकच." मी पाटी काढली. "हे ऐका."

मी सातव्या महिन्यातली एक रात्र लावली. गोठ्यात एका झोपलेल्या काळजाचा आवाज घुमायला लागला, संथ, जड, विश्वासाचा. म्हशींनी कान हलवले. हौसाबाई खांबाला टेकून ऐकत होती. एकाएकी आवाज बदलला. ठोके धावायला लागले, एकावर एक, कुणीतरी अंधारात दचकून उठावं तसे. बराच वेळ धावत राहिले. मग हळूहळू शांत झाले. थोडा वेळ संथ, आणि पुन्हा तेच.

"हे कुनाचं?" हौसाबाईनं विचारलं.

"चंदाचं. त्या रात्री तीनदा उठली. अशा कितीतरी रात्री आहेत या कागदांत. प्रत्येक वेळी ईश्वरीला दम लागला होता."

"आन् ईश्वरीचं कुटं हाय?"

"तिचं नाही. तिचं कुणी ऐकतच नव्हतं, हौसाबाई. यंत्र नाही, मी नाही. ही एकटी ऐकत होती."

पाटीवरचा आवाज संथ चालू होता. मी तो बंद करायला हात पुढे केला, तर हौसाबाईनं माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. ती रात्र संपेपर्यंत आम्ही दोघी ऐकत राहिलो. तिसऱ्या वेळेला ठोके धावले तेव्हा ती पुटपुटली, "भिंतीपलीकडं मी झोपल्ये हुते."

मग तिनं बादली उचलून आत नेली. हातपाय धुऊन आली. ओटीच्या दिवशी नेसलेलं लुगडं नेसली होती. शेजारणीला हाक मारून म्हशींकडे बघायला सांगितलं.

"नर्सबाई," ती म्हणाली, "चंदाच्या माहेराकडची लाँच किती वाजता सुटती?"